महानसातील धूर

न्यायशास्त्राचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला आरंभीच एका डोंगराची ओळख करून देतात. त्या डोंगरावरून धूर निघत असतो. आणि ज्याअर्थी धूर आहे त्याअर्थी तेथे अग्नी असलाच पाहिजे, असे अनुमान विद्यार्थ्याने करावयाचे असते. कशावरून? तर जेथे जेथे धूर तेथे तेथे अग्नी, या व्याप्तीवरून. आणि ही व्याप्ती त्याला कळली कोठे? तर महानसात, म्हणजे स्वयंपाकघरात; कारण तेथे त्याने या दोहोंचे साहचर्य पुन्हा पुन्हा पाहिलेले असते. सतराव्या शतकातील अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त सपक्षाचे उदाहरण म्हणून स्वयंपाकघर दिले आहे व विपक्षाचे उदाहरण म्हणून मोठा जलाशय, आणि हा दृष्टान्त त्याच्याही पूर्वी कित्येक शतके नैयायिकांच्या तोंडी होता. आम्हीही पंचवीसएक वर्षे तो फळ्यावर लिहीत आलो. परंतु त्या महानसात चुलीपुढे कोणीतरी बसलेले असले पाहिजे, ही गोष्ट आम्हाला अगदी परवापरवापर्यंत सुचली नव्हती. नैयायिकाला धूर दिसला, अग्नी दिसला. डोळे पुसत बसलेल्या त्या व्यक्तीची मात्र त्याच्या अनुमानाला गरजच पडली नाही. प्रस्तुत लेखात त्या व्यक्तीसंबंधी दोन शब्द लिहावयाचे आहेत, आणि त्यास निमित्त झाले आहे आमच्याच स्वयंपाकघराचे नूतनीकरण.

हा विषय नीतिचर्चेचा आहे काय, अशी शंका काही वाचकांना येणे साहजिक आहे. खिडकी केवढी असावी, पंखा कोठे बसवावा, धुराची नळी कोणत्या भिंतीतून काढावी, हे गवंड्याने व स्थापत्यज्ञाने पाहावे. त्यात धर्माधर्माचा प्रश्न आला कोठून? यावर आमचे उत्तर असे की, हवा कशी वाहते हे स्थापत्यज्ञ सांगू शकतो. परंतु घरातील कोणाच्या वाट्याला कोणती हवा यावी, आणि ती वाटणी कोणी करावी, हे त्याच्या शास्त्रात लिहिलेले नाही. इतर वस्तूंच्या वाटणीविषयी आपण फार जागरूक असतो. कोणाच्या वाट्याला कोणती खोली आली, कोणाच्या ताटात काय पडले, यावरून सख्ख्या भावांनी जन्माचा अबोला धरल्याची उदाहरणे प्रत्येकाच्या माहितीची आहेत. हवेचीही वाटणी होत असते, एवढे मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही. एका छपराखाली राहणाऱ्या चार माणसांपैकी तिघे जण एका प्रकारची हवा घेतात आणि एक जण रोज तीन-चार तास दुसऱ्याच प्रकारची हवा घेते. आणि या व्यवस्थेला कोणाचीही संमती विचारलेली नसते.

धंतोलीतील आमचे घर वडिलांनी १९६२ साली बांधले. स्वयंपाकघर मागच्या अंगाला, त्याला पूर्वेकडे एक ऐसपैस खिडकी, खिडकीपलीकडे अरुंद बोळ आणि बोळाच्या कडेला एक पारिजातक. दोन वर्षांपूर्वी घराचा हा भाग नव्याने करावयाचे ठरले तेव्हा महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. ओट्याला ग्रॅनाइट काळा असावा की करडा, फरशी कोणत्या रंगाची घ्यावी, कपाटांची दारे बाजूला सरकावीत की पुढे उघडावीत, यांवर आम्ही, चिरंजीव, कंत्राटदार आणि सल्ला देण्यास आपण होऊन आलेले दोन स्नेही अशा सर्वांची भवति न भवति झाली. कंत्राटदाराने सुचविले की, खिडकीची जागा बुजविली तर त्या भिंतीवर थेट छतापर्यंत कपाटे बसतील. धुराचे म्हणाल, तर हल्ली विजेच्या चिमण्या मिळतात. त्यातही बाहेर नळी न काढावी लागणारी, कोळशाच्या गाळणीची चिमणी घेतली म्हणजे भिंतीला भोकसुद्धा पाडावयास नको. योजना सुटसुटीत होती. आमच्या सौभाग्यवती त्या वेळी चहा घेऊन आल्या होत्या. “खिडकी तेवढी राहू द्या,” असे त्या म्हणाल्या. त्यांना त्या पारिजातकाची फार आवड आहे, असे आम्ही कंत्राटदाराला किंचित हसून समजावून सांगितले. खिडकी बुजली.

त्या वर्षी थंडी पडल्यावर त्यांना जो खोकला लागला, तो संक्रांत उलटून गेली तरी हटेना. त्याचे खापर आम्ही प्रथम दिवाळीच्या फटाक्यांवर, मग रस्त्याच्या खोदकामाच्या धुळीवर आणि शेवटी हवामानावर फोडले. डॉक्टरांनी नेहमीचे प्रश्न विचारून झाल्यावर सहज विचारावे तसे विचारले, “स्वयंपाकघराला खिडकी कोणत्या बाजूला आहे?” सौभाग्यवतींनी आमच्याकडे पाहिले, आणि आम्ही डॉक्टरांना चिमणीची माहिती देऊ लागलो.

पुढे फेब्रुवारीत त्या आठ दिवस अमरावतीला आपल्या भगिनीकडे गेल्या. डबा लावण्याची सूचना धुडकावून आम्ही स्वतः स्वयंपाक करावयाचे ठरविले. तिसऱ्या दिवशी तापलेल्या तेलात लाल मिरच्या पडल्या आणि पुढच्या क्षणी आम्ही कढई तशीच टाकून अंगणात खोकत उभे होतो. आत चिमणी आपल्या परीने घोंघावत होती. अंगणात उभे असता आम्हाला आमचेच शास्त्र आठवले. नैयायिक प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानतात. खोकल्यावरून धुराचे अनुमान आम्हाला करता आले असते. ते आम्ही केले नाही. ज्या व्यक्तीने त्या जागी तीस वर्षे श्वास घेतला होता तिने शब्दही उच्चारला होता, आणि त्या विषयात तिच्याहून अधिक आप्त कोण असणार? परंतु तिच्या शब्दाला आम्ही प्रमाण न मानता आवड मानले. स्वतःचे डोळे चुरचुरू लागले तेव्हाच काय ती आमची खात्री पटली. तर्कशास्त्राच्या अध्यापकाला ही गोष्ट खास शोभणारी नव्हती.

आमच्या मते स्वयंपाकघराच्या वायुवीजनाचा प्रश्न मुळात येथे आहे. तो यंत्रांचा होण्याआधी प्रमाणांचा आहे: कोणाचे म्हणणे पुरावा म्हणून स्वीकारावयाचे आणि कोणाचे म्हणणे तक्रार, हौस किंवा हळवेपणा म्हणून सोडून द्यावयाचे? आणि हा दोष एकट्या आमच्या घराचा असता तर तो आम्ही छापून प्रसिद्ध केला नसता.

“पूर्वीच्या बायका धुरातच वागल्या, त्यांचे काय बिघडले?” हा प्रश्न आम्ही अनेक सुशिक्षित गृहस्थांच्या तोंडून ऐकला आहे. नागपुरात महालातील जुन्या वाड्यांतून चुलीच्या वर धुराडे असे, कवेलूंच्या फटींतून धूर झिरपत असे, आणि स्वयंपाकघर मागील चौकाकडे उघडे असे. तेवढ्यापुरते ते आमच्या बंद स्वयंपाकघराहून शहाणपणाचे होते, हे खरे. परंतु त्या घरांच्या काळ्याकुट्ट तुळया पाहिल्या म्हणजे जे लाकडावर बसले ते फुप्फुसांवरही बसले असले पाहिजे, हे सांगावयास वैद्य लागत नाही. काही बिघडले नाही असे आपण म्हणतो ते अशासाठी की, बिघडलेले कोणी मोजले नव्हते. ज्या दिवशी मोजावयास प्रारंभ झाला त्या दिवशी उत्तर बदलले. डॉ. एस्. पद्मावती यांनी १९५९ साली दिल्लीतील रुग्णांचा एक अभ्यास सहकाऱ्यासह प्रसिद्ध केला. फुप्फुसांच्या जुनाट विकारामुळे हृदयाची उजवी बाजू दुबळी होते, त्या रोगाविषयीचा हा अभ्यास होता. हा रोग बायकांमध्येही पुरुषांइतकाच, आणि तोही त्यांच्याहून लहान वयात, त्यांना आढळला. बहुतांशी विडी-सिगारेटला न शिवलेल्या या स्त्रियांना तो कशाने झाला असावा, याचा शोध घेताना त्यांचे बोट चुलीकडे वळले. पुढे १९८१ साली अमेरिकन संशोधक कर्क स्मिथ यांनी आपल्या भारतीय सहकाऱ्यांसह गुजरातेतील खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या नाकासमोरील हवा प्रत्यक्ष मोजली. आणि एका घरगुती गैरसोयीचे रूपांतर जागतिक आरोग्याच्या प्रश्नात झाले. घरातील धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसे अकाली दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

मोजमापे होण्यापूर्वीही ज्यांना हा प्रश्न दिसला असे लोक आमच्याजवळच, वर्ध्यास होते, ही अभिमानाची गोष्ट आहे. १९३४ साली गांधीजींच्या प्रेरणेने स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम कुमारप्पांच्या देखरेखीखाली मगनवाडीत चाले. कागद, घाणीचे तेल, मधमाशा यांच्याबरोबर चूल हाही तेथे संशोधनाचा विषय झाला, आणि धूर नळीने बाहेर नेणारी ‘मगन चूल’ त्यातून निघाली. साम्राज्याशी झगडा चालू असता चुलीच्या धुराचा विचार करावयास या लोकांना फुरसत कशी मिळाली, असे कोणास वाटेल. स्वराज्य म्हणजे काय याची त्यांची कल्पना माजघराच्या उंबरठ्याशी थांबत नव्हती, हेच त्याचे कारण. पुढे सरकारनेही निर्धूर चुलींचा प्रसार केला. तथापि अनेक ठिकाणी धुराडी काजळीने बुजली आणि साफ करणारे कोणी नसल्याने चुली पूर्ववत् धुमसू लागल्या. १ मे २०१६ पासून उज्ज्वला योजनेने कोट्यवधी घरांत गॅस पोचविला. प्रश्न सुटला, असे पुष्कळांना वाटले.

आणि येथेच दुसरा पूर्वपक्ष उभा राहतो. गॅसला धूर कोठे असतो? मग एवढ्या खिडक्या-धुराड्यांचे प्रयोजन काय? हा आक्षेपही आमच्या जुन्या शास्त्राला ठाऊक आहे. धुरावरून अग्नी सिद्ध होतो, अग्नीवरून धूर सिद्ध होत नाही, हे सांगताना नैयायिक तापलेल्या लोखंडी गोळ्याचे उदाहरण देतात: तेथे अग्नी आहे, धूर नाही, कारण धूर होण्यास ओल्या सरपणाचा संयोग लागतो. गॅसची शेगडी हा आधुनिक गृहस्थाचा तापलेला गोळा होय. परंतु त्याच शास्त्राने आणखी एक गोष्ट सांगितली आहे. एखादी वस्तू दिसत नाही एवढ्यावरून ती नाही असे ठरत नाही. ती दिसण्याजोगी असून दिसत नसेल, तरच तिचा अभाव सिद्ध होतो. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. टेबलावर घडा दिसत नाही म्हणून तेथे घडा नाही, हे म्हणणे रास्त. पण तेथे भूतबाधा नाही हे त्याच पुराव्याने सिद्ध करता यावयाचे नाही. गॅसच्या ज्योतीतून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड अशा दिसण्याजोग्या वस्तूंपैकी नव्हे; ज्वलन अपुरे झाले तर निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला तर रंगही नाही आणि वासही नाही. घरगुती सिलिंडरात १४.२ किलो गॅस असतो. तो पूर्ण जळला म्हणजे त्यापासून सुमारे ४३ किलो कार्बन डायऑक्साइड आणि २२ लिटरांच्या घरात पाण्याची वाफ होते. हे सारे दर सिलिंडरामागे त्या एका खोलीत ओतले जाते. शिवाय ज्योत निर्धूर असली तरी कढई निर्धूर नसते. कडक तापलेल्या तेलातील तळणाच्या धुराचा समावेश आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ‘बहुधा कर्करोगकारक’ या वर्गात केला आहे. सावजी रश्श्याच्या आणि पाटवड्यांच्या नागपुराने ही गोष्ट विसरून चालणार नाही. फोडणी सोडा, असे सांगण्याचे धाष्टर्य आम्ही करणार नाही. तिला वाट ठेवा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

ही वाट कशी असावी हे आता संक्षेपाने सांगतो. कारण ज्या नीतीला खिडकीचे माप सांगता येत नाही ती या बाबतीत कुचकामी होय. भारतीय मानक ब्यूरोच्या २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे स्वयंपाकघराची उंची निदान २.७५ मीटर असावी. उष्ण व कोरड्या प्रदेशात दारे सोडून खोलीच्या इतर उघड्या जागा जमिनीच्या क्षेत्रफळाच्या निदान एक दशांश असाव्यात, आणि स्वयंपाकघरात त्या आणखी पंचवीस टक्क्यांनी वाढवाव्यात. म्हणजे आठ चौरस मीटरांच्या स्वयंपाकघराला एक चौरस मीटर खिडकी हवी. आमची बुजविलेली खिडकी जवळजवळ याच मापाची होती. वडिलांनी ती कोणती संहिता वाचून ठेवली होती कोण जाणे. चिमणी घ्यावयाची तर नळीची घ्यावी. कोळशाची गाळणी वास आणि काही प्रमाणात तेलकटपणा शोषून घेते. वाफ, उष्णता आणि विषारी वायू ती होते तेथेच परत सोडते. नळी आखूड, शक्य तितकी सरळ व कमी वळणांची असावी. प्रत्येक वळण पंख्याचा जोर खाते. चिमणी शेगडीच्या वर दोन-अडीच फुटांवर असावी, आणि तिच्या जाळ्या वेळच्या वेळी धुवाव्यात. मगनवाडीच्या धुराड्यांची गत तिलाही चुकत नाही. आणि सर्वांत महत्त्वाची व सर्वांत दुर्लक्षित गोष्ट ही की, जेवढी हवा बाहेर जावयाची तेवढीच आत आली पाहिजे. आठ चौरस मीटरांच्या त्या खोलीत हवा असते बावीस घनमीटर. तासाला हजार घनमीटर ओढण्याची बढाई मारणारी चिमणी ती हवा तासाला पंचेचाळीस वेळा बदलू पाहणार. दारे-खिडक्या बंद असतील तर ती ओढणार काय? गॅस गळला तर तो हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरतो, आणि धूर तर वर चढतो. म्हणून एक वाट खाली व एक वर असणे इष्ट.

यांत नागपूरकरांना एक विशेष अडचण आहे, ती उन्हाळ्याची. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा घरातील सर्व मंडळी कूलरपुढे बसतात. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, आणि ती कोठून तरी बाहेर पडली तरच तो गारवा देतो. कूलर पुढच्या खोलीत व उघडी खिडकी मागच्या स्वयंपाकघरात, अशी रचना असली तर सारे घर वाऱ्याने धुऊन निघते आणि धूरही त्याच वाटेने जातो. खिडकी बुजविल्यावर आमच्याकडे हा प्रवाह खुंटला. आणि तेव्हाच आमच्या ध्यानात आणखी एक गोष्ट आली: वाऱ्याने ज्योत हलते म्हणून स्वयंपाक करणारी व्यक्ती आपल्या डोक्यावरचा पंखाही बंद ठेवते आणि मधले दार लोटून घेते. भर मे महिन्यात, सर्व घर ज्या भाकरीची वाट पाहत गारव्यात बसलेले असते, ती भाकरी घरातील एकुलत्या एका वारा नसलेल्या खोलीत भाजली जात असते.

“पण त्या कधी तक्रार करीत नाहीत,” हे यावरचे शेवटचे आणि सर्वांत गोड उत्तर. याचा विचार थोडा सावकाश केला पाहिजे. सोशिकपणा हा सद्गुण आहे, यात शंका नाही. परंतु सद्गुणाची स्तुती कोण करीत आहे, हे पाहणे अवश्य असते. औदार्याची स्तुती याचकाने केली, क्षमेची स्तुती अपराध्याने केली, तर आपण थोडे सावध होतो. तशीच सोशिकपणाची स्तुती ज्याला त्यापासून सोय होते त्याने केली, तर तिच्याविषयीही सावध असावे. जो गुण एकाच्या अंगी असल्याने दुसऱ्याला आपले कर्तव्य न करण्याची सवड मिळते, तो पहिल्याच्या बाजूने कितीही थोर असला तरी दुसऱ्याच्या बाजूने कर्जच होय. आणि मौन म्हणजे संमती हे सूत्र तर येथे मुळीच लागू नाही. तीस वर्षांत एकदा मागितलेली गोष्ट हसून बाजूस सारली गेली, तर दुसऱ्यांदा कोण मागेल? सवयीने जे बोचेनासे होते ते इजा करीत नाही असे नव्हे. डोळ्यांतले पाणी थांबते, फुप्फुसांचे काम थांबत नाही.

असो. आम्ही खिडकी पुन्हा उघडली. नवी कपाटे निम्मी काढावी लागली, ग्रॅनाइटचा एक तुकडा फुटला, आणि चिमणी बदलून तिची नळी खिडकीशेजारच्या भिंतीतून बोळात काढली. प्रायश्चित्त पुरे झाले असे समजून आम्ही समाधानाचा निःश्वास टाकला. आणि आठवड्याच्या आत बोळापलीकडचे वृद्ध शेजारी दाराशी आले. त्यांच्या मातोश्रींची खाट ज्या खिडकीजवळ होती तिच्या बरोबर समोर आमच्या नळीचे तोंड होते. आमचा पहिला विचार, सांगावयास लाज वाटते, हक्काचा होता: भिंत आमची, बोळ दोघांचा, नळी आमच्या हद्दीत. स्वतःपुरत्या कर्मांत माणसाला मोकळीक असावी आणि दुसऱ्यास उपद्रव होताच ती संपावी, असे मिल्ल याने १८५९ साली लिहिले, आणि ते आम्ही आजवर किती वर्गांना शिकविले आहे! पण धुराच्या बाबतीत स्वतःपुरते कर्म असे काही उरतच नाही. इंग्लंडात १६१० साली आल्ड्रेड नावाच्या गृहस्थाने शेजाऱ्याच्या डुकरांच्या खुराड्याच्या दुर्गंधीविरुद्ध दावा लावला होता. खिडकीतून दिसणाऱ्या शोभेसाठी दावा चालत नाही, पण निरोगी हवेसाठी चालतो, असा भेद त्या वेळी न्यायाधीशांनी केला. आमच्या देशातही १८८२ च्या सुविधाधिकाराच्या कायद्याने वीस वर्षे अखंड उपभोगलेल्या उजेड-वाऱ्याला संरक्षण दिले आहे. मात्र कायद्यापर्यंत जाण्याची वेळ आली नाही. शेजाऱ्यांनी एवढेच म्हटले: “आईला रात्री झोप लागत नाही.” हा शब्द आम्ही या वेळी प्रमाण मानला. एका चुकीने माणूस एवढे तरी शिकतो.

नळी भिंतीलगत वर चढवून गच्चीच्या कठड्यापलीकडे, दोन्ही घरांच्या खिडक्यांच्या वर नेली. दोन वळणे वाढली, पंखा मोठा घ्यावा लागला, घराची मागची बाजू कुरूप झाली आणि खर्च आमच्या मूळ अंदाजाच्या बराच पुढे गेला. या सर्व प्रकारातून आम्हाला जे कळले ते असे: ‘बाहेर’ हा शब्द स्वयंपाकघराच्या नकाशावर फार निर्धास्तपणे लिहिला जातो. परंतु एकाचे बाहेर ते नेहमी दुसऱ्या कोणाचे तरी आत असते. धूर बाहेर काढला, असे म्हणून आपण मोकळे होतो तेव्हा तो आपण बहुधा एका अबोल व्यक्तीच्या नाकासमोरून उचलून दुसऱ्या अबोल व्यक्तीच्या नाकासमोर ठेवलेला असतो.

हा विचार शेवटास नेला तर मनुष्य चक्रावून जातो. आमचे एक स्नेही म्हणाले, गॅस सोडा, विजेची शेगडी घ्या, म्हणजे ज्योतीचा प्रश्नच मिटेल. पण ही वीज येते कोठून? आमच्या शहराच्या उत्तरेस कोराडी आणि खापरखेडा येथे कोळसा जाळून ती केली जाते. तेथील धुराडी गगनचुंबी असली तरी त्यांच्याखालीही गावे आहेत, आणि तेथील राखेलाही कोठे तरी पडावेच लागते. मग निर्दोष स्वयंपाक कोठेच नाही काय? अग्नी जसा धुराने वेढलेला असतो तसे प्रत्येक कर्म काही ना काही दोषाने वेढलेले असते, असा दृष्टान्त गीतेच्या अठराव्या अध्यायात आहे. या वचनाचा आधार घेऊन हात झटकणारे पुष्कळ आहेत. पण तेथील उपदेश कर्म न सोडण्याचा आहे, दोषाकडे डोळेझाक करण्याचा नव्हे. दोष सर्वत्र आहे, म्हणून सर्व दोष सारखे, हा तर्क खोटा आहे. घराबाहेर सोडलेल्या दूषित पदार्थाच्या मानाने घरात सोडलेला पदार्थ कोणाच्या तरी फुप्फुसात पोचण्याचा संभव सुमारे हजारपट अधिक, असा एक ढोबळ नियम वर उल्लेखिलेले स्मिथ सांगत असत. हा हजारपटीचा फरक म्हणजेच आमच्या कर्तव्याचे क्षेत्र. धूर नाहीसा करणे आमच्या हाती नसेल. तो सर्वांत जवळच्या व सर्वांत असहाय माणसापासून दूर नेणे, आणि जेथे तो नेला तेथे कोण राहतो हे विचारणे, हे खास आमच्या हाती आहे.

म्हणून ज्या वाचकांच्या घरी लवकरच गवंडी येणार असतील त्यांना आमची एक विनंती आहे. फरशीचा रंग ठरविण्यापूर्वी, नकाशा समोर पसरून, तेथे जी व्यक्ती सर्वांत अधिक वेळ उभी राहणार तिला बसावयास खुर्ची द्या आणि ती काय म्हणते ते लिहून घ्या. ती व्यक्ती पत्नी असेल, माता असेल, पुत्र असेल, किंवा पोळ्या करावयास येणाऱ्या बाई असतील. या शेवटच्या व्यक्तीला तर खिडकी मागण्याचा प्रसंगच कोणी देत नाही, आणि तिच्या दिवसात अशी चार-पाच स्वयंपाकघरे असतात. नंतर बोळापलीकडे जाऊन शेजाऱ्यांच्या खिडक्या कोठे आहेत ते पाहून या. हे दोन साक्षीदार तपासून झाल्यावर कंत्राटदाराला बोलवावे.

आमच्या सौभाग्यवतींचा खोकला आता पुष्कळ कमी झाला आहे. अगदी गेला आहे असे म्हणता येत नाही. खिडकीतून पारिजातक पुन्हा दिसतो. त्याची त्यांना खरोखरच आवड आहे काय, असे आम्ही परवा धीर करून विचारले. तो आपल्या सासूबाईंनी लावलेला आहे, आपल्याला त्याचे विशेष काही नाही, असे त्या म्हणाल्या. या वर्षी वर्गात डोंगरावरच्या धुरापाशी आलो तेव्हा आम्ही नेहमीप्रमाणे महानसाचा दृष्टान्त दिला, आणि मग विद्यार्थ्यांना विचारले की, धुरावरून त्या महानसात आणखी कशाचे अनुमान करता येईल? बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी मागच्या बाकावरील एक मुलगी उठून म्हणाली, “सर, कोणीतरी स्वयंपाक करीत असेल.” आजवर शिकविलेल्या सर्व व्याप्तींपेक्षा ही आम्हाला अधिक निरपवाद वाटते.